अधिक माहितीसाठी येथे पाहा

ज्ञानेश्वर सोनईत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचा, आणि ते संपलं की ऑर्लोचं. ऑर्लो ही संगणकाला हुकूम देण्याची एक भाषा. कुठलं काम किती वाजता करायचं, एवढंच ती संगणकाला सांगते, पण फार नेमकं सांगते. जगात ती येणारी माणसं एक्केचाळीस, आणि त्यातला एक सोनईत, याचा ज्ञानेश्वरला भारी अभिमान. या भाषेच्या विकीवर, म्हणजे कुणीही वाचावं आणि कुणीही भर घालावी अशा साइटवर, त्यानं सहा वर्षांत मराठीतून तीनशे बारा पानं लिहिली होती. वाचली मात्र एकानंही नव्हती.

हेन्रिक नावाच्या ज्या म्हाताऱ्या इंजिनियरनं ही भाषा काढली, त्याचं एक दिवस पत्र आलं. पत्र सभ्य होतं, म्हणजे वाईट होतं. महिनाअखेरपर्यंत मराठी पानं वाचून एका तरी नव्या माणसानं ऑर्लोत काही लिहून दाखवावं, नाहीतर मराठी विभाग बंद करू. ज्ञानेश्वरला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सहा वर्षं म्हणजे थोडीथोडकी नव्हेत.

“सापडतच नाही तर वाचणार कोण?” त्याची बायको रुपाली म्हणाली. “मी काल ऑर्लो शोधलं, तर बिस्किटं आली.”

“मोठ्या साइटनं आपली लिंक दिली पाहिजे. जिथं रोज माणसांची रीघ असते अशा.”

“मग रामहरीभाऊजींना सांगा की.”

रामहरीचं फ्लेक्सचं दुकान होतं आणि ‘निधन वार्ता’ नावाची साइट होती. कोण गेलं, दशक्रिया कधी, कुठल्या घाटावर, सगळं तिथं फोटोसकट असे. जे लोक पेपर उघडत नसत तेही सकाळच्या चहाबरोबर रामहरी उघडत. तालुक्यात एवढी वाचली जाणारी दुसरी साइट नव्हती.

“देतो की लिंक,” रामहरी म्हणाला. “पन कुठं देऊ? सगळी जागा मयतांची हाय.”

“कुठंही दे. खाली दे.”

रामहरी हातातलं काम मनापासून करणारा माणूस. नुसती लिंक उघडीबोडकी बरी दिसत नाही, म्हणून त्यानं प्रत्येक निधनाखाली एक ओळ टाकली: अधिक माहितीसाठी येथे पाहा.

पहिल्याच दिवशी विकीवर नऊशे माणसं आली. ज्ञानेश्वरनं आनंदानं रुपालीला शिरा करायला लावला आणि दोन वाट्या खाल्ला. ही माणसं काय शोधताहेत ते त्यानं तिसऱ्या दिवशी पाहिलं. यादी अशी होती: ‘आप्पा’. ‘आप्पा खेडले’. ‘आप्पांची इच्छा काय राहिली’. ‘पिंडाला कावळा का शिवत नाही’. ‘आई तू कुठं आहेस’. त्यानं खोलीचं दार उघडून ठेवलं आणि रुपालीला उगाचच हाक मारली.

विकीचा एक साधा नियम होता. मागितलेलं पान नसेल तर तिथं आपोआप मजकूर येई: ‘या नावाचं पान अजून नाही. तुम्हाला माहिती असल्यास तुम्हीच लिहा.’ माहिती तर लोकांना होतीच. त्यांनी लिहिलं. आठवड्याभरात सत्तावीस मयतांची पानं झाली. ‘वेळापत्रक कसं लावावं’ आणि ‘काम मध्येच कसं थांबवावं’ यांच्या मधोमध फेटा बांधलेले आप्पा खेडले टक लावून बघत बसले होते. शोधयंत्रानंही मनावर घेतलं. आसपासच्या कुठल्याही मेलेल्या माणसाचं नाव टाकलं की पहिला ऑर्लोचा विकी येई. ऑर्लो टाकलं की मात्र अजून बिस्किटंच.

“सत्तावीस माणसं आपल्या घरात राहायला आणलीत तुम्ही,” रुपाली म्हणाली. ती आता त्या खोलीत झाडायलाही जाईना.

ज्ञानेश्वरनं रामहरीला फोन केला. “बाबा, ती ओळ काढ.”

“आता न्हाई काढता येत. काल एका घरची टाकायची राहिली, तर पोरं दुकानात आली. म्हनली, आमच्या आप्पाची अधिक माहिती का न्हाई? त्यांच्यापेक्षा आमचे आप्पा कमी हुते का?”

तेव्हा पानं आपणच पुसावीत असं ज्ञानेश्वरनं ठरवलं. दुपारची वेळ होती, लाइट गेलेली, पंखा थांबलेला, लॅपटॉप बॅटरीवर. एकेक पान पुसत तो रंभाजींच्या पानावर आला. हे वस्तीवरचे रंभाजी. परवाच तर त्यांचं तेरावं झालं होतं, आणि त्या पंगतीत ज्ञानेश्वर स्वतः जेवला होता. तो बटण दाबणार एवढ्यात पानावर एक नवी ओळ उमटली.

‘कडू, चहा घेतलास का?’

वेळ बरोबर चार. लिहिणाऱ्याचं नाव रंभाजी. कडूबाई ही त्यांची बायको, हे अख्ख्या सोनईला माहीत होतं. ज्ञानेश्वरनं मागच्या नोंदी पाहिल्या. कालही चार वाजता हीच ओळ, परवाही हीच. परवा चार वाजता तर तो रंभाजींच्या फोटोला हार घालून आला होता. त्यानं पान न पुसताच लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी तो घड्याळ घेऊनच बसला. रुपाली उंबऱ्याबाहेर उभी राहिली. चार वाजले आणि ओळ उमटली. रुपाली देवाचं नाव घेत स्वयंपाकघरात पळाली. ज्ञानेश्वरचेही पाय पळायच्या बेतात होते, पण हात सवयीनं चालले आणि त्यानं पानाच्या मागचा मजकूर उघडला.

तिथं ऑर्लो होती! पानामागे ऑर्लो लिहिली की विकी ती आपोआप चालवत असे. रोज चार वाजता एक ओळ लिहायची, अशी सहा ओळींची स्वच्छ, सुबक ऑर्लो. एवढी नीट त्याला स्वतःलाही जमत नसे. घाम पुसावा की उडी मारावी हे त्याला कळेना. सहा वर्षांत मराठी पानं वाचून ऑर्लो शिकणारा पहिला माणूस मिळाला होता, आणि तो मेलेला होता. महिना उद्या संपत होता.

तो तसाच गाडी काढून वस्तीवर गेला. रंभाजींची सून मोनिका गोठ्यापाशी उभी होती. त्यानं विचारताच तिनं आधी घराकडे पाहिलं.

“हळू बोला भाऊ. मीच लिवलं त्ये. मामा गेल्यापास्नं आत्या घासभर खाईनात, घोटभर पीनात. मी अधिक माहिती बघाया गेले, तर तुमचं वेळापत्रकाचं पान निघालं. म्हनलं, मामांनीच इचारलं तर पितील. आता चारला मोबाईल धरून बसत्यात, आन् मग च्या घेत्यात.”

ज्ञानेश्वरनं लगेच खिशातून मोबाईल काढला. “मोनिकाताई, तुमचं नाव मी कळवतो. आमचा विभाग वाचेल.”

“नाव न्हाई! आत्याला कळलं तर परत उपाशी बसतील.” मग ती म्हणाली, “आन् भाऊ, त्या वेळापत्रकाच्या पानावर तिसरी ओळ चुकलीय तुमची. मला दोन दिवस लागले.”

सहा वर्षांत त्याच्या पानावर कुणी काढलेली ही पहिली चूक. ज्ञानेश्वरला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. पण नाव मिळालं नाही, आणि तो मान खाली घालून निघाला. फाटकाशी कडूबाई उभ्या होत्या, हातात मोबाईल.

“त्या विकीचा ज्ञानेश्वर न्हवं तू?”

“हो काकू. रंभाजीकाकांचं पान छान झालंय.”

“त्ये मोनी लिवती,” कडूबाई शांतपणे म्हणाल्या. “तिला वाटतं मला ठावं न्हाई. आरं, चाळीस वर्सांत ह्या मानसानं मला च्या घेतला का म्हनून एकदा बी इचारलं न्हाई. मला पयल्याच दिवशी कळलं.”

“मग तुम्ही रोज…”

“पोरगी एवढी धडपड करती, तर प्यावं घोटभर. आन् खोटं कशाला बोलू, इचारल्यालं बरं वाटतं. तिला सांगू नको हां.”

“नाही सांगत.”

“तिथं मला लिवता येतं का रे?”

“कुणालाही येतं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानेश्वर हेन्रिकला अपयशाचं पत्र लिहीत बसला होता. चार वाजता रंभाजींनी चहाचं विचारलं. पाच मिनिटांनी खाली दुसरी ओळ आली, लिहिणाऱ्याचं नाव कडूबाई: ‘घेतला. सांच्याला जेवनाचं बी इचारत जावा. आन् मोनीला म्हनावं, तू बी येळेवर जेव.’

साडेसात वाजता रंभाजींनी जेवणाचं विचारलं. ज्ञानेश्वरनं पत्र खोडलं आणि नोंदीत होती ती नावं कळवली: नवे लेखक दोन, रंभाजी आणि कडूबाई. सकाळी हेन्रिकचं उत्तर आलं. मराठी विभाग चालू राहील, आणि पुढच्या महिन्याच्या ऑनलाइन सभेत रंभाजींनी स्वतः दोन शब्द बोलावेत, अशी साऱ्यांची इच्छा आहे.