गाढवाचे चौदा दिवस

इथे इंग्लंडात कौन्सिलकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, मूल दत्तक घ्यायचं तर कागदपत्रं किती लागतात, हे मला विचारा. आमची फाइल मी अशी लावली होती की आमची समाजसेविका बर्निस मला म्हणाली, "अगं जोडी, तू आमच्याकडे नोकरीलाच ये." दीड वर्षात एक सही चुकली नाही, एक तारीख हुकली नाही. कमिटीनं मंजुरी दिली आणि वीस महिन्यांच्या हॅटीचा फोटो आमच्या फ्रिजवर लागला. आता काय चुकणार होतं?

शेवटचं काम तर अगदीच सोपं होतं. एक मऊ खेळणं घ्यायचं, चौदा दिवस आपल्या पलंगात ठेवायचं आणि मग ते हॅटीकडे पाठवायचं. म्हणजे भेट होण्याआधी तिला आमचा वास ओळखीचा होईल.

"धुवायचं नाही, अत्तर नाही," बर्निसनं बजावलं.

मी एक करडं गाढव आणलं आणि दोन उशांच्या मधे झोपवलं.

"चौदा दिवस गाढवाशेजारी झोपायचं?" माझा नवरा कीरन म्हणाला.

"मी सहा वर्षं झोपतेय. काही होत नाही."

बारा दिवस उत्तम गेले. तेराव्या दिवशी, मंगळवारी, मी कामावरून आले तर मागच्या अंगणात दोरीवर आमच्या चादरी वाळत होत्या आणि त्यांच्या शेजारी, दोन्ही कानांना चिमटे लावलेलं गाढव लोंबत होतं.

कीरनची आई मॉरीन. तिच्याकडे आमची किल्ली असते.

"गुरुवारी बर्निस येणार म्हणालीस ना, म्हटलं जरा आवरून ठेवावं," ती म्हणाली. "आणि ते गाढव गं, लेकराला देणार होतीस? काय वास मारत होतं!"

"मॉरीन, तो वास आमचा होता."

"तेच म्हणतेय मी."

गाढवाला लॅव्हेंडरचा असा घमघमाट सुटला होता, जसं काही ते लग्नालाच निघालंय. हाताशी दोन दिवस. बर्निसला सांगायची माझी हिंमत होईना. ज्यांना गाढव चौदा दिवस सांभाळता येत नाही, त्यांच्या हाती मूल कोण देईल? कीरन गाढव शर्टात कोंबून टेकडीवर धावून आला. समोरच्या म्हाताऱ्यानं, "काय रे, कितवा महिना?" असं विचारलं. गाढवाचा वास तसाच राहिला, कीरनला मात्र लॅव्हेंडरचा वास यायला लागला.

शेवटी मॉरीनच ओशाळली. "दे माझ्याकडे. वारा लावून आणते."

गुरुवारी सकाळी तिनं गाढव परत आणलं. लॅव्हेंडर गायब. त्याला एक उबदार, घरगुती वास येत होता. मी काही विचारलं नाही. बर्निसनं नाक लावलं आणि म्हणाली, "वा, कसं घरासारखं वाटतंय." आणि हॅटीला द्यायला घेऊन गेली.

पुढच्या आठवड्यात भेटी सुरू झाल्या. हॅटी तेव्हा डोरीन नावाच्या बाईंकडे होती. कौन्सिलनं तिला त्यांच्याकडेच सांभाळायला ठेवलं होतं. नियम असा की या दिवसांत फक्त आई-बाप, इतर नातेवाइकांनी महिनाभर फिरकायचं नाही. चौथ्या दिवशी बैठक, आणि सगळं ठीक दिसलं तरच मूल घरी.

पहिल्या दिवशी हॅटी गाढव नाकाशी धरून आली. कीरनला हुंगलं. मला हुंगलं. पुन्हा गाढवाला हुंगलं. मग हिशेब न जुळलेल्या दुकानदारासारखा चेहरा करून डोरीनच्या मागे जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी बिस्किट धरलं, तिनं ते घेतलं आणि डोरीनच्या मांडीवर बसून खाल्लं.

"थांब जरा बाळा, वेळ लागतो," डोरीन म्हणाल्या. बर्निसनं वहीत काहीतरी लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गारठा होता. जून असला तरी आमच्या लँकेशरला त्याचं काही वाटत नाही. निघताना खुंटीवरचा हाताला लागला तो स्वेटर मी चढवला. मॉरीनचा, जांभळा, धुण्याच्या दिवशी विसरलेला.

दारातून आत पाऊल टाकलं. हॅटीनं मान वर केली. गाढवाला एका कानानं फरफटत ती सरळ माझ्याकडे आली, मांडीवर चढली आणि स्वेटरमध्ये नाक खुपसून बसली. मी श्वास घ्यायलाही घाबरत होते. आणि मग घेतला, तेव्हा कळलं. पेपरमिंटच्या गोळ्या आणि गुडघ्यांना लावायचं कापराचं मलम.

त्या संध्याकाळी मी मॉरीनला फोन केला.

"वारा लावलास ना गाढवाला?"

"दोन दिवस पोटाशी घेऊन झोपले," ती म्हणाली. "महिनाभर मला भेटू देणार नव्हते ना तिला. म्हटलं, तेवढंच."

तेव्हापासून मी तो स्वेटर अंगातून काढलेला नाही. बैठकीत सगळं ठीक ठरलं, पण भेटी आणखी आठवडाभर डोरीनकडेच चालल्या. मग ऊन पडलं, डोरीनच्या शेजारणी बिनबाह्यांच्या झग्यात, मी गळ्यापर्यंत बटणं लावून, घामानं निथळत. हॅटी घरी आली तीही त्याच स्वेटरला धरून. ती मोठी झाल्यावर वाचायला बर्निसनं एक पत्र लिहून फाइलमध्ये ठेवलंय. त्यात म्हटलंय, 'तुझ्या आईचा वास तू क्षणात ओळखलास.' मी काही दुरुस्ती सुचवली नाही. म्हणून ती इथे लिहून ठेवतेय, हॅटी झोपलीय तेवढ्यात, एका हातानं. दुसरा हात बाहीसकट तिच्याखाली आहे.

मॉरीनला आता यायची परवानगी आहे. काल आली, हॅटीला पोटभर बघितलं, मग माझ्याकडे नाक मुरडून बघितलं.

"काढ तो स्वेटर," ती म्हणाली. "काय वास मारतोय. दे, धुऊन आणते."

किल्ली मी तिच्याकडून परत घेतली आहे. सध्यापुरती.