रखमक्कांची रुद्रभूमी

रखमक्का तोंड उघडायच्या ते मसणापासूनच. साताऱ्याहून आम्ही म्हैसूरला, बोगादीत राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी शेजारच्या गॅलरीतून हाक आली, "अग ए, तुझा नवरा कुठं मसणात गेला? मोटर लाव म्हणावं, पाणी आलंय!" माझ्या हातातला कुकर पडायचाच बाकी होता. नवऱ्याबद्दल असलं अभद्र, तेही सकाळी सकाळी!

हळूहळू कळलं, हा राग नव्हे, ही बोलायची रीत. त्यांचा चष्मा मसणात जायचा, चावी मसणात, येलवालची बस तर रोजच. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात मुरलेलं त्यांचं मराठी निम्मं कन्नड. भाजीवाल्याला उशीर झाला की ओरडायच्या, "मसण्या, बेगा बा!" म्हणजे लवकर ये. कन्नडातही मसण म्हणजे मसणच, तरी तो हसत वर कोथिंबीर द्यायचा.

सोमवारी मात्र तोंडाला कुलूप. मोगरा आणि रव्याचे लाडू पिशवीत घालून "रुद्रभूमीला जाऊन येते" एवढंच म्हणायच्या. महादेवाचं जागृत देवस्थान असणार, मी ठरवूनच टाकलं. एका सोमवारी हटून बसले, "अक्का, मलाही न्या."

त्या बघतच राहिल्या. "येतेस? खरंच?"

"त्यात काय! नारळ, बेल, सगळं घेतलंय."

रिक्षातून उतरले आणि हादरलेच. देऊळ कसलं, जिकडं तिकडं थडगी! कन्नडात मसणवट्यालाच रुद्रभूमी म्हणतात, हे मेलं मला कोण सांगणार?

"अग आई गं! अक्का, तुम्ही मला मसणात आणलंत?"

"तसं म्हणू नको इथं," अक्का पुटपुटल्या. हा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

कडुनिंबाखाली वीतभर उंचवटा होता. त्यावर त्यांनी मोगरा ठेवला.

"माझी लेक. बारशाआधीच गेली. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, इथं ठेवलं. बायकांनी यायचं नाही म्हणून घरचं कुणी सोबत येत नाही. तुला देऊळ वाटलं, कळलं मला. सुम्मने गप्प बसले. सांगितलं असतं तर आली असतीस?"

नसते आले. मला रडूच फुटलं. मी बेल त्या मातीवर वाहिला.

पुढच्या सोमवारी अक्कांनी हाक मारली नाही. मी वेणी घालत होते, तर त्या पिशवी घेऊन गुपचूप फाटकाबाहेर पडताना दिसल्या. मी गॅलरीतूनच ओरडले, "अक्का! मला सोडून कुठं मसणात निघालात?"

सगळी गल्ली वर बघायला लागली. अक्का थांबल्या, पदरानं डोळे पुसले आणि गरजल्या, "मसणात गेली तुझी वेणी! बेगा बा, पोर वाट बघतेय!"