मानेवरची सरहद्द

"अफझलगंजात मुडदा पडो की मांजर हरवो, पहिला माग माझाच!" असं भगवंतराव स्वतःच सांगत. मुडदा कधी पडला नाही. मांजर आपलं आपण परत आलं. वेष बदलायचा म्हणून ते भर उन्हातही गळ्याला मफलर बांधत. मी त्यांचा शेजारी आणि मदतनीस. म्हणजे छत्री धरायची आणि 'हौ' म्हणायचं.

छप्पन साल होतं. हैदराबाद राज्याचे तुकडे होत होते आणि मराठी कारकुनांच्या बदल्या औरंगाबाद, नांदेडकडे लागत होत्या. त्यांतलाच प्रतापराव एका सकाळी रडकुंडीला येऊन बसला. गळ्यावर लालसर, गोल चकंदळ.

"काका, रविवारी पद्मावतीला बघायला जायचंय. हे दिसलं तर तिचे वडील दारातूनच परत पाठवतील. पोरगी मनात भरलीय हो माझ्या!"

भगवंतरावांनी भिंग लावलं. "हपिसात आणखी कुणाला?"

"बदलीवाल्या सगळ्यांना. निरोपाचा फोटो झाला की मान खाजायला लागते."

"कट आहे! हैदराबाद सोडणाऱ्यांवर कुणीतरी शिक्का मारतंय."

आधी संशय न्हाव्यावर गेला, पण प्रतापराव दाढी घरीच करत होता. मग फोटोवाल्याच्या विषारी उजेडावर. शेवटी त्यांनी दौत मागवून डागाभोवती निळ्या शाईची रेघ ओढली. "ही सरहद्द. चोर ओलांडतो का बघू."

दोन दिवसांत चोर पलीकडे.

"घाबरू नकोस," भगवंतराव म्हणाले. "रविवारी माझी शेरवानी घाल. फोटोला तुम्हां सगळ्यांना दिली, आता नाही म्हणेन होय?"

तेवढ्यात आतून तारामतीवहिनी आल्या आणि त्यांनी नवऱ्याचा मफलरच ओढला. खाली तेच चकंदळ. सगळ्यांत मोठं, सगळ्यांत जुनं.

"गजकर्ण आहे हे! कधीची म्हणतेय, शेरवानी धुवायला टाका."

"अगं, लोकरीची आहे. आटेल."

"आटली असती तर बरं, कुणाला झाली नसती!"

वहिनींनी दोघांनाही दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं. "डाग गेला तरी काही दिवस लावत राहा. जागा कोरडी ठेवा, टॉवेल आपापला. खाजवायचं नक्को."

रविवारी प्रतापराव साध्या सदऱ्यात गेला, सोबत भगवंतराव आणि मी. गळ्यावर मलम, निळी रेघ अजून पुसट. पद्मावतीचे वडील एकनाथराव त्या गळ्याकडे बघतच राहिले.

"गजकर्ण आहे," प्रतापराव म्हणाला. "औषध चालू आहे. लपवून काय करू?"

एकनाथरावांनी उठून दार लोटलं आणि आपल्या कोटाचं वरचं बटण काढलं.

"माझीही बदली झालीय, जावईबापू. फोटोही झालाय. मलम कुठलं लावता?"

बाहेर आल्यावर भगवंतराव माझ्या कानाशी आले. "पाहिलंस? माझा संशय पहिल्यापासून याच्यावरच होता."

"हौ," मी म्हणालो, आणि छत्री जरा लांबूनच धरली.