प्रयागबाईंचा रुसवा

विहिणींच्या पंगतीत पोळीवर तूप पडलं आणि वरमाय प्रयागबाई ताटावरून उठल्या. पदर सावरत, कुणाकडे न बघता त्या मांडवामागे चालू लागल्या. लेकाच्या लग्नात वरमाय पंगतीतून उठली तर त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो.

"इहीन रुसली वं माय!" नवरीची आत्या हिरीबाई ओरडली. "असा रुसवा मी जल्मात नाई पायला!"

खरी गोष्ट वेगळी होती आणि चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. पन्नाशी गाठल्यापासून प्रयागबाईंना लघवी धरवत नव्हती. शिंक आली तरी पंचाईत, हसू आलं तरी पंचाईत. त्यातून बाईमाणसानं जायचं ते पहाटे अंधारात नाही तर दिवे लागल्यावर. मधल्या वेळेचं तिचं तिनं बघावं. म्हणून बाईंनी स्वतःपुरता इलाज काढला होता. पाणीच प्यायचं नाही! वऱ्हाड भर वैशाखात रेल्वेनं जऊळक्याला उतरलं, तिथून बैलांच्या दमण्यांत बसून या गावी आलं, पण त्यांनी पाण्याचा घोट घशाखाली उतरू दिला नाही. चहा मात्र सोयऱ्यांच्या घरोघरी घेतला, कारण चहा म्हणजे काही पाणी नव्हे. आता जळजळ सुरू झाली होती आणि कळही घडोघडी येत होती.

वैशाखात शेतं उघडीबोडकी. आडोसा काय तो घरामागच्या कडब्याच्या गंजीचा. प्रयागबाई तिच्याआड पोचल्या, बसणार, तोच सनई आणि डफडं अगदी कानाशी वाजू लागलं. नवरीचे वडील शालिग्रामराव हात जोडून उभे होते. मागे वाजंत्रीवाले, आणि त्यांच्याही मागे दोघं वाढपी पायघड्या अंथरत येत होते.

"इहीनबाई, काय चुकलं आमचं? पाया पडतो, पन ताटावर चला!"

"काई नाई चुकलं. तुमी व्हा पुढं, मी येतो."

'काई नाई' म्हणणारी वरमाय सगळ्यात जास्त रुसलेली असते, हे शालिग्रामरावांनी दोन बहिणींच्या लग्नांत अनुभवलं होतं. त्यांनी लगेच सरबताचा गडवा मागवला. समजुतीचं सरबत नाकारलं तर सोयरीकच मोडते. प्रयागबाईंनी डोळे मिटून ते पोटात ढकललं आणि वाजतगाजत, पायघड्यांवरून, पावलाला पाऊल लावून परत आल्या.

त्या जेमतेम टेकल्या, तर कुणीतरी असा चावट उखाणा घेतला की पंगत खदखदून हसली. प्रयागबाईंनी ओठ दाबले, श्वास धरला, आणि पुन्हा उठल्या.

"पुन्हा रुसली!" हिरीबाईनं जाहीर केलं.

आता नवरदेवाचे वडील मारोतराव पुढे आले. घरात त्यांचं मत आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे संधी दिसताच त्यांनी मिशीवर हात फिरवला. "आमच्या घरचा रुसवा सादा नसते. तुमच्याकडून काईतरी मोठी चूक झाली असन. तिनं म्हटलं तर आत्ता दमन्या जुंपतो!"

हे आत नवरीच्या, हेमलाच्या, कानावर गेलं आणि तिनं हंबरडा फोडला. गंजीआड प्रयागबाईंना तो ऐकू आला. सून त्यांनी स्वतः पसंत केली होती, फार आवडली होती. खरं सांगावं तर सगळ्या मुलखात हसू, न सांगावं तर त्या गरीब पोरीचा संसार रडण्यानं सुरू. त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि रडूच कोसळलं.

एवढ्यात नवरीची आई कस्तुराबाई आल्या. वाजंत्रीवाल्यांना त्यांनी दूरच उभं केलं होतं. "खरं सांगा इहीनबाई, काहून उठता?"

"तुमचं काई नाई वं बाई. मले धरवत नाई!"

कस्तुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. "सरका थोडं तिकडं," त्या म्हणाल्या. "मी सकाळपासून वाढून राह्यली."

दोघी विहिणी गंजीआड टेकल्या.

"पानी काहून सोडलं?" कस्तुराबाईंनी विचारलं. "मी बी सोडलं होतं. मंग वाशिमच्या नर्सबाईनं झापलं. पानी नाई पेलं का लघवी घट होते, जळते, अन् जास्त लागते. दिवसभर थोडं थोडं प्या. च्या कमी करा, ठेचा कमी करा. भाकरीसंगं पालेभाजी खा, पोट साफ नसलं का वरून दाब पडते."

"अन् शिंक आली तं?"

"त्याले येगळं हाये. बसल्या बसल्या खालचं अंग आवळून धरा, मंग सोडा. पुन्हा धरा, पुन्हा सोडा. रोज केलं का काई महिन्यांत फरक पडते. मी तं मंगा तूप वाढतानी करत होती."

"कोनाले दिसत नाई?"

"तुमाले दिसलं काय?"

प्रयागबाई खो खो हसल्या. वर्षभरात पहिल्यांदा बिनघोर हसल्या, कारण हसायला जागा योग्य होती.

कस्तुराबाई एकट्याच मांडवात आल्या. शालिग्रामरावांचा चेहरा पांढराफटक. "काय म्हनतात?"

"एकच अट हाये. घरामागं बायांसाठी तुराट्यांचा आडोसा पाह्यजे. आत्ताच्या आत्ता. नाई तं दमन्या जुंपतात."

"एवढंच?" शालिग्रामरावांनी धोतराचा काचा मारला. नवरीकडचे सगळे पुरुष कामाला जुंपले. मारोतरावही मिशी विसरून तुराट्या ओढू लागले. ताक वाढेपर्यंत भक्कम आडोसा उभा राहिला. प्रयागबाई दिमाखात ताटावर येऊन बसल्या, स्वतःहून तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि सुनेला आपल्या हातानं घास भरवला.

शालिग्रामरावांनी टोपी काढून घाम पुसला. तेवढ्यात हिरीबाई ताटावरून उठली. तिच्यामागून प्रयागबाईंची जाऊ उठली, मग तिच्या शेजारची, मग समोरची. बघता बघता अर्धी पंगत तुराट्यांच्या दिशेनं निघाली.

"आता ह्या साऱ्या काहून रुसल्या?" शालिग्रामराव कळवळले.

"तुमी वाढनं थांबवा," कस्तुराबाई म्हणाल्या. "लय वर्साचा रुसवा हाये त्यायचा."