गुडघाभर गवत आणि चार वाजता सासूबाई

"अहो, आई चार वाजता येतेय. मशीन कसं चालतंय ते बघायचंय म्हणाली," बायकोने फोन ठेवत सांगितलं आणि जावईबापूंनी खिडकीतून अंगणाकडे पाहिलं.

मशीन म्हणजे सासूबाईंनी गेल्या वर्षी भेट दिलेलं, गवत कापायचं, हाताने ढकलायचं. ना वीज, ना पेट्रोल. "एकदम झकास चालतंय, आई!" असं जावईबापू वर्षभर फोनवर सांगत होते. सासूबाईही तितक्याच उत्साहाने, जावईबापूंनी त्यांच्या साठीला दिलेल्या विजेच्या शिलाई मशीनचं कौतुक करायच्या. प्रत्यक्षात गवताचं मशीन जिन्याखाली होतं आणि अंगणातलं गवत गुडघ्याला लागलं होतं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या सासूबाईंना चुकीचा टाका लांबून दिसे. जावईबापूंना त्यांचा भारी आदर होता, म्हणून तर एवढी थाप मारली होती.

मशीन बाहेर निघालं. ढकललं की गवत नम्रपणे आडवं व्हायचं आणि मशीन पुढे गेलं की पुन्हा उभं राहायचं.

"आधी कात्रीने कमी करा," बायको म्हणाली.

त्यात कंबरेचा काटा ढिला झाला. मग मशीन फिरलं, पण गवत कापायच्या ऐवजी चावून सोडू लागलं. पाती खाली घेतली तर माती उडाली आणि अंगणाला मधोमध दोन टकलं पडली. कापलेल्या गवताने दोन बादल्या आणि एक चादर भरली. कचऱ्याची गाडी परवा येणार होती.

"त्या टकलांवर पसरा," बायको म्हणाली. "झाकली मूठ!"

चारच्या ठोक्याला सासूबाई हजर.

"रोज वापरून बोथट झालंय, आई," अर्धवट चावलेलं गवत दाखवत जावईबापू म्हणाले.

सासूबाईंनी पिशवीतून कपडे बेतायच्या कागदाची पट्टी काढली, पात्यांत धरली आणि चाक फिरवलं. कागद नुसता दुमडला.

"बोथट कसलं? ही कात्रीच आहे, जावईबापू. दोन पाती एकमेकींना जेमतेम लागली पाहिजेत."

त्यांनी नाण्याने दोन्हीकडचे स्क्रू जरा जरा पिळले. तिसऱ्या खेपेला कागद कचकन तुटला. मग चष्मा वर सरकवून त्यांनी स्वतः मशीन ढकललं. शिवणीसारखा सरळ पट्टा पडत गेला. जावईबापू आ वासून बघत राहिले. त्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"लांब गवत उचला, सडेल. ही बारीक कातरण राहू द्या, तिचं खत होतं," सासूबाई म्हणाल्या आणि मशीनच्या मुठीकडे बघत थांबल्या. "वर्षभर रोज वापरता, आणि मुठीवरचं प्लास्टिक अजून फाटलंसुद्धा नाही?"

जावईबापूंनी मान खाली घातली. "चुकलं, आई. मशीन आजच बाहेर काढलं."

सासूबाई पायरीवर टेकल्या. रागावतील असं वाटलं, पण त्यांचा चेहरा एकदम हलका झाला.

"बरं झालं बोललात. माझ्याही जिवाला घोर होता. तुमचं ते विजेचं मशीन पलंगाखाली खोक्यात आहे हो. मला त्याची भीती वाटते."

"मी येतो ना रविवारी, शिकवतो!"

"या. पण आधी हे उरलेलं कापा," सासूबाईंनी प्लास्टिक ओढून काढलं आणि मूठ जावईबापूंच्या हातात दिली. "मी बसते बघत."