गार इंजिनाची अट

शुक्रवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी लाइल होग्लंड यांनी खिडकीबाहेरचा तापमापक पाहिला आणि त्यांना समाधान वाटलं. पारा शून्याखाली अकरावर होता. त्यांनी दोन अंडी तळली, थर्मासमध्ये कॉफी भरली, वहीत ट्रकविषयी लिहिलेल्या सदतीस प्रश्नांवरून एकदा नजर फिरवली आणि पत्नीला हाक मारली, "बर्नडीन, ऊठ. आज खोटं बोलायला कुणालाच जमणार नाही, अशी थंडी आहे."

लाइल यांनी मोंटानातल्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं. पुराव्याशिवाय ते काही मान्य करत नसत. अपवाद एकदाच झाला. तीन वर्षांपूर्वी कॅम्पर, म्हणजे मागे जोडायचं फिरतं घर, ओढायला त्यांनी एक जुना डिझेल पिकअप घेतला. विकणाऱ्याने इंजिन आधीच तापवून ठेवलं होतं, ते गोड चाललं. डोंगरातल्या पहिल्याच गारठलेल्या सकाळी मात्र ते जे मुकं झालं, ते झालंच. दोघांनी तीन दिवस डब्यातल्या राजम्यावर काढले. तो ट्रक भंगारात गेला, आणि कॅम्पर तेव्हापासून अंगणात उभा होता. अखेर बर्नडीनने तो आपल्या मामेभावाला, केनेथला, द्यायचं ठरवलं. रविवारी तो येऊन कॅम्पर नेणार होता. त्याआधी चांगला ट्रक मिळाला तरच कॅम्पर राहणार होता.

म्हणून ओडेल क्रान्झ यांना फोनवर लाइल यांनी एकच अट घातली होती: मी येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. क्रान्झ ऐंशीचे होते. नजर अधू झाल्यामुळे त्यांनी गाडी चालवणं सोडलं होतं, आणि बावीस वर्षं वापरलेला ट्रक विकायला काढला होता.

सव्वासातला लाइल त्यांच्या रँचवर पोचले, हातमोजा काढला आणि बॉनेटवर तळवा ठेवला. बॉनेट उबदार होतं.

"चल, बर्नडीन," ते शांतपणे म्हणाले. "घरी जाऊ."

"काय झालं हो?" क्रान्झ दारातून उतरत आले. त्यांनीही हात लावून पाहिला आणि ते बुचकळ्यात पडले. मग त्यांनी केबिनमध्ये डोकं घातलं. सीटवर चिठ्ठी होती. त्यांनी ती नाकाजवळ नेऊन वाचली. "शेजारच्या टिल्डाची गाडी रात्री खड्ड्यात गेली होती. पहाटे ओढून काढली म्हणते. डिझेल भरलंय."

"तुम्हाला न विचारता?"

"विचारायचं काय त्यात? चावी ॲशट्रेतच असते."

"सगळ्यांना माहीत आहे?"

"ॲशट्रे सगळ्याच गाड्यांना असतो," क्रान्झ म्हणाले.

लाइल यांचा विश्वास बसला नाही, पण बर्नडीनचा बसला. इंजिन गार व्हायला चार-पाच तास लागणार होते. क्रान्झनी पॅनकेक केले. बर्नडीनने पाच खाल्ले. लाइल घड्याळ बघत राहिले. साडेअकराला ते बाहेर आले, तेव्हा ट्रकच्या जागी बर्फात कोरड्या जमिनीचा एक लांबट चौकोन तेवढा उरला होता.

दीडच्या सुमारास चर्चचे पाद्री ट्रक घेऊन परतले. चर्चची शेगडी वाहून आणायची होती म्हणे. त्यांनी क्रान्झच्या हातात चेरीच्या जॅमची बरणी ठेवली. "काय गाडी आहे ओडेल तुझी! चढावर हूं की चूं नाही." बॉनेटवरून वाफ उठत होती. पाद्री वळताच लाइल यांनी ॲशट्रेतली चावी काढून गुपचूप खिशात टाकली. शाळेतही त्यांनी कुणाची वस्तू अशी लपवली नव्हती.

अडीचला टिल्डा धावत आली. चाळिशीची, धिप्पाड बाई, डोळे भरलेले. "ओडेल, घोडी अडलीये! पिल्लू उलटं आहे, जनावरांचे डॉक्टर म्हणाले आणा इकडेच. माझ्या गाडीचा तर सकाळी आस वाकला. चावी कुठाय? ॲशट्रेत नाहीये!"

"नाहीये?" क्रान्झ चमकले. "बावीस वर्षांत असं कधी झालं नाही."

लाइल यांनी खिशातून चावी काढली. मान खाली घालून त्यांनी ती टिल्डापुढे धरली.

"तूच चालव," बर्नडीन म्हणाली. "डोळे भरलेत तिचे, रस्ता कुठला दिसणार."

घोडीचा ट्रेलर जोडला आणि ते निघाले. खिंडीच्या चढावर लाइल यांनी ॲक्सिलरेटर थोडा दाबला, आणि इंजिनाने खालच्या पट्टीत, जराही तक्रार न करता ते ओझं उचललं. बर्फाळ उतारावर ट्रेलर डुलला नाही. टिल्डा डॅशबोर्ड थोपटत म्हणत होती, "चल माझ्या राजा! हा कधी धोका देत नाही हो. तीस अंश खालीसुद्धा पहिल्या झटक्यात उठतो." लाइल यांना वहीतला एकही प्रश्न आठवेना. पाऊण तासात ते पोचले. तासाभराने डॉक्टर हात पुसत बाहेर आले. घोडी आणि शिंगरू दोन्ही वाचली होती. टिल्डाने लाइल यांना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा वाकडा झाला.

परतताना तिने विचारलं, "पण चावी तुमच्या खिशात कशी?"

"आम्ही हा ट्रक घेतोय," लाइल म्हणाले. "बहुधा."

टिल्डाने डॅशबोर्डवरचा हात काढून घेतला. "तसा हिवाळ्यात जरा नखरे करतो," मग ती म्हणाली. "हीटरला उंदराचा वास येतो. गिअरचा आवाज ऐकलात ना? नाही? म्हणजे लपून बसलाय. घेऊ नका हो, फसाल."

लाइल यांनी गंभीरपणे एका हाताने वही चाचपली. मागच्या सीटवर बर्नडीन हसू दाबत खिडकीबाहेर बघत होती.

संध्याकाळी क्रान्झच्या अंगणात उतरून लाइल यांनी सवयीने बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "भाजतंय. क्रान्झ, उद्या सकाळी पुन्हा येतो. गार असेल तेव्हाच निर्णय. टिल्डाबाईंनी काही मुद्दे काढलेत, तेही तपासायला हवेत. बर्नडीन कुठे आहे?"

"आत. फोन करतेय."

उघड्या दारातून आवाज आला. "केनेथ? हं, मीच. रविवारी येऊ नकोस. नाही रे, तब्येत ठीक आहे. कॅम्पर लागणार आहे आम्हाला."

बर्नडीन बाहेर आली. घडी केलेला चेक तिने क्रान्झच्या खिशात सरकवला.

"अगं, पण ते हीटर... आणि गिअर..."

"लाइल, हातचा जाऊ नये म्हणून लोक ज्याला एवढी नावं ठेवतात, तो ट्रक चांगलाच असणार."

"आणि यांचं कसं होणार?" लाइल यांनी टिल्डाकडे बघत हळूच विचारलं.

"बावीस वर्षं झाली," क्रान्झ म्हणाले. "घेऊ देत आता आपापले ट्रक."

टिल्डाने नाक पुसलं आणि मागची काच आपल्या बाहीने स्वच्छ करून दिली. बर्नडीन ट्रकच्या स्टिअरिंगमागे बसली, सीट पुढे ओढून घेतली आणि फाटकातून अलगद बाहेर पडली. लाइल आपल्या मोटारीतून तिच्यामागे निघाले.