पांगलिमाचं पथ्य

शिस्तीच्या बाबतीत मला कोणी काही शिकवायला येऊ नये! मलेशियातल्या मुआरच्या शाळेत मी एकतीस वर्षं शिस्तीचा मास्तर होतो. माझ्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला की हेडमास्तरसुद्धा खुर्चीत सरळ बसायचे. त्यामुळे आमच्या बोक्याला मधुमेह झालाय असं कळलं आणि आमची बायको रोकिया ओढणीनं डोळे पुसायला लागली, तेव्हा मी टेबलावर मूठ आपटून म्हणालो, "रडतेस काय? तीन आठवड्यांत साखर खाली आणून दाखवतो. नाही आणली तर नाव बदरुल नाही लावणार!"

मूठ आपटल्याबरोबर बोका कपाटाखाली गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आला नाही.

हा त्याचा दुसरा आजार. भीती! नाव मोठ्या हौसेनं मीच ठेवलं होतं, पांगलिमा. म्हणजे सेनापती. आणि हे सेनापती भिणार कशाला? मिक्सरला, छत्रीला, वर्तमानपत्राचं पान उलटण्याला, आणि एकदा तर स्वतःच्याच शिंकेला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

डॉक्टर थेनमोळी माझी जुनी विद्यार्थिनी. एके काळी वर्गात चिंचा खाल्ल्या म्हणून मी तिला बाकावर उभं केलं होतं. आता ती खुर्चीत बसली होती आणि मी समोर मांजर घेऊन उभा.

"मास्तर, वही काढा आणि लिहून घ्या," ती म्हणाली. "सकाळी सात, संध्याकाळी सात. आधी खाणं, मग मानेवरच्या सैल कातडीत इन्सुलिन. खाल्लं नाही तर टोचायचं नाही, मला फोन करायचा. भीतीसाठी ही गोळी दोन्ही वेळा, त्याला आवडेल अशा कशात तरी कालवून द्या. ठरलेल्या खाण्याखेरीज कण द्यायचा नाही. तीन आठवड्यांनी बघू. साखर उतरली नाही, तर इथे दवाखान्यात ठेवावं लागेल."

"इथे म्हणजे कुठे?"

तिनं मागचं दार उघडलं. पिंजऱ्यांची रांग आणि त्यात आठ कुत्री. आठही जणांनी एकदम आमचं स्वागत केलं. पांगलिमा माझ्या शर्टात शिरला तो थेट काखेपर्यंत!

हसण्यावारी नेतोय, पण खरं सांगतो. या पिंजऱ्यात तो साखरेनं नाही, धसक्यानंच जाईल. मी निवृत्त झालो त्याच आठवड्यात हे पोर आमच्या कुंपणात सापडलं होतं. शाळेत बाराशे मुलं मला भ्यायची. घरी बसल्यावर भ्यायला हा एकटाच उरला, आणि हा भ्याला की माझ्याच मांडीवर येऊन बसायचा. असलं सुख मला बाराशे जणांनी दिलं नव्हतं. याला मी कोणाच्याही पिंजऱ्यात ठेवणार नव्हतो!

घरी येताच वेळापत्रक भिंतीवर लावलं. सातला खाणं, सात दहाला सुई, सात पंधराला गोळी. रमजान चालू होता. माझ्या पोटात अन्नाचा कण नाही आणि मी चिकन उकडून मांजराला भरवतोय! पण तक्रार नाही. आठवड्यात पांगलिमा असा तयार झाला की सात पंधराला आपण होऊन आ वासून बसायचा. रोकियालाही कौतुक वाटलं. "तुमचे विद्यार्थी कधी एवढे शहाणे नव्हते हो," ती म्हणाली.

आठवड्याच्या शेवटी कानाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. आमच्याकडे साखर मिलिमोलमध्ये मोजतात; डॉक्टरीणबाईंना सात-आठचा आकडा हवा होता. आला बावीस.

दुसऱ्या आठवड्यात आला चोवीस!

मी साखर मोजायचं यंत्र आपटलं. पांगलिमा कपाटाखाली. पथ्य माझं चोख, वेळ चोख, आणि साखर वर? याचा अर्थ एकच. शत्रू कुंपणाबाहेर होता!

आमच्या गल्लीत रमजानमध्ये संध्याकाळी सहापासून कुंपणावरून ताटल्यांची ये-जा सुरू होते. डावीकडच्या हासनाह वहिनी शेवया पाठवतात, आम्ही त्यांना वडे पाठवतो. उजवीकडचा लेमान, तोही माझाच विद्यार्थी, साटे पाठवतो, म्हणजे काडीवर भाजलेलं मांस. रिकामी ताटली परत करायची नसते आणि आलेली ताटली नाकारायची नसते. समोरचा चिनी वाणी आ हेंग, तो तर रोजेही करत नाही, पण ताटल्यांच्या खेळात सगळ्यांच्या पुढे. एवढं अन्न डोक्यावरून जात असताना एखादं मांजर उपाशी राहील?

"अहो, विचारा ना त्यांना साधेपणानं," रोकिया म्हणाली.

"चोराला कोणी साधेपणानं विचारतं का?"

मी पुठ्ठा कापला आणि ठळक अक्षरात लिहिलं: 'मला मधुमेह आहे. मला खाऊ घालणारा माझा मारेकरी आहे. हुकमावरून, बदरुल मास्तर.' दोरी ओवली आणि पांगलिमाच्या गळ्यात अडकवली.

इथे माझं थोडं चुकलं. म्हणजे कल्पना उत्तमच होती! पण जो बोका वर्तमानपत्राच्या पानाला भितो, त्याच्या गळ्यात फडफडणारा पुठ्ठा बांधू नये, हे मला नंतर सुचलं. पांगलिमानं एक पाऊल टाकलं. पुठ्ठा फडफडला. त्यानं दुसरं पाऊल टाकलं ते थेट कुंपणापलीकडे! हासनाह वहिनींनी ईदसाठी अननसाची बिस्किटं केली होती आणि ओसरीवर चार परातींत निवायला ठेवली होती. सेनापतींनी चारही पराती ओळीनं सर केल्या, वहिनींच्या डोक्यावरून उडी मारली, उलट आमचं अंगण ओलांडलं आणि लेमानच्या दारातल्या रामबुतानच्या झाडावर, पार शेंड्याला जाऊन बसले. गळ्यात माझा हुकूम!

घड्याळात पावणेसात. सातला खाणं. खाणं नाही तर सुई नाही!

"मास्तर, शिडी आणतो!" लेमान धावला.

"शिडीला भितो तो."

"मग मी चढतो."

"तुलाही भितो."

"मग तो वर चढला कसा?"

"पुठ्ठ्याला भिऊन!"

"कसला पुठ्ठा?" आ हेंग दुकानातून चष्मा पुसत आला आणि वर बघून मोठ्यानं वाचायला लागला. "मला... मधुमेह आहे. मला खाऊ घालणारा... माझा..." तिथे तो थांबला आणि त्यानं चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

गल्ली जमली. कोणी म्हणे चादर धरा, कोणी म्हणे पाणी मारा. मी खाली उभा राहून उकडलेलं चिकन दाखवत होतो, "ये राजा, ये रे माझ्या सोन्या," असं म्हणत होतो, आणि ज्यांना मी दहावीपर्यंत छडीनं हाणलं ते खाली मान घालून हसत होते. तेवढ्यात मशिदीतून बांग झाली. रोजा सुटला! हासनाह वहिनींनी मोडक्या बिस्किटांची परात, तिच्यातच थोडे खजूर टाकून, तिथेच झाडाखाली आणली. त्यांच्या आठवड्याच्या मेहनतीचा चुरा झाला होता आणि बाई हसून म्हणाल्या, "घ्या मास्तर, खजूर घ्या आधी. मांजर उतरेल. पोटात काही नसताना माणसाला ओरडता येत नाही नीट."

सगळ्यांनी झाडाखालीच रोजा सोडला. सगळे गप्प बसून खायला लागल्यावर पांगलिमा आपोआप खाली उतरला. आणि उतरून कोणाकडे गेला? माझ्याकडे नाही. लेमानच्या हाताला अंग घासलं, मग आ हेंगच्या, मग वहिनींच्या! ओळखीच्या दुकानात शिरावं तसा!

माझं डोकं सणकलं. मी त्या तिघांचे हात एकेक करून हुंगले. हो, हुंगले! आणि सगळ्या गल्लीसमोर गरजलो, "तुमच्यापैकी कोणीतरी माझ्या मांजराला मारतंय! मी शोधून काढीन!"

हासनाह वहिनींनी परात उचलली आणि त्या घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी कुंपणावरून एकही ताटली आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रोकियानं केलेले वडे आम्ही दोघांनीच खाल्ले.

तीन आठवडे संपले. आकडा तेवीस. मी पांगलिमाला छातीशी धरून दवाखान्यात गेलो ते भांडायच्या तयारीनंच. "पिंजऱ्यात ठेवायचा असेल तर मलाही ठेवा! शेजारचा पिंजरा चालेल!"

थेनमोळीनं शांतपणे माझी वही उघडली. "खाणं बरोबर. वेळ बरोबर. इन्सुलिन बरोबर. मास्तर, गोळी कशातून देता?"

"चमचाभर दुधातून."

"कुठल्या?"

"घरात असतं त्या! डब्यातल्या!"

आता तुम्हीच सांगा. आमच्याकडे चहात काय घालतात? डब्यातलं दाट, गोड दूध. पावावर काय लावतात? तेच. माझी आई मला तेच चाटवायची आणि माझ्या आईला तिची आई. चमचा उलटा धरला तरी सांडत नाही असं ते दूध. गायीचं दूध ही आमच्या मते गायीची घरगुती बाब आहे. साखर-साखर करत मी सगळी गल्ली हुंगत होतो, आणि तो डबा माझ्या डोळ्यांत साखर म्हणून कधी भरलाच नाही!

थेनमोळीनं पेन खाली ठेवलं. "रोज दोन चमचे?"

"सकाळी एक. संध्याकाळी... तो शहाण्यासारखा वागला तर दोन."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. मग वळून म्हणाली, "मास्तर, बाकावर उभे राहता का?"

गोळी चिकनच्या तुकड्यातून द्यायची ठरलं. आकडा रोज मोजून तिला कळवायचा, आणि ईदनंतर आठवड्यानं पुन्हा दाखवायचं. चार दिवसांत आकडा पंधरावर आला. अजून सात-आठ नव्हता, पण पिंजरा टळण्याची आशा दिसली. रोकियानं तो आकडा पाहिला, पांगलिमाचा मुका घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "आता ईदला घरोघरी जायचं आणि माफी मागायची."

"ईदला सगळेच मागतात. जाणते-अजाणते अपराध पोटात घाला, झालं!"

"तसं मोघम नाही. दुधाचं नाव घेऊन."

"दुधाचं कशाला? अजाणते या सदरात येतंच की ते!"

"दुधाचं. नाव. घेऊन."

ईदच्या सकाळी मी नवे कपडे घातले, कमरेला जरीचा सांपिन गुंडाळला आणि फाशीला निघाल्यासारखा निघालो. मागे रोकिया होती, वाटेत पळून जाऊ नये म्हणून. हासनाह वहिनींच्या दारात उभा राहिलो. घसा खाकरला. "वहिनी, त्या दिवशी मी जे बोललो, ते..."

पुढचं बोलायच्या आत त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागल्या. "मास्तर, मला माफ करा! सणाच्या दिवशी खोटं बोलवत नाही. मीच ती. रोज दुपारी त्याला एक तळलेला बांगडा देत होते. म्हटलं, रोजे माणसांना, मुक्या जनावराला कशाला? त्याच्या गळ्यातला पुठ्ठा वाचल्यापासून माझा डोळ्याला डोळा नाही. त्या दिवसापासून काट्याचा तुकडासुद्धा दिला नाही, देवाशपथ!"

तेवढ्यात मागून लेमान आला आणि वाकून माझा हात कपाळाला लावला. "मास्तर, मीपण. साटेच्या काडीवरचं शेवटचं मांस त्याचं असायचं. झाडाखाली बोलणार होतो, पण तुम्ही हात हुंगायला लागलात आणि मला एकदम सातवीत असल्यासारखं झालं."

आ हेंग शेवया खायला आलाच होता. त्यानं वाटी खाली ठेवली. "मी सार्डिन मासे," तो म्हणाला. "दिवसाआड. आणि दुकान बंद करताना अर्धा पाव, लोणी लावून."

तिघंही माझ्याकडे बघत होते, निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोरांसारखे. माझ्या पाठीला रोकियाचं बोट टोचत होतं. बोल! दूध! बोल!

मी ताठ उभा राहिलो. "ठीक आहे," मी म्हणालो. "झालं गेलं गंगेला मिळालं. मी तुम्हा तिघांना मोठ्या मनानं माफ करतो."

वहिनींनी पुन्हा डोळे पुसले. लेमान म्हणाला, असं मन लागतं हो. आ हेंगनं माझ्या पानात शेवया वाढल्या. बोट आता पाठीला टोचत नव्हतं, चिमटा काढत होतं. पण मी हललो नाही. तिघांची चूक धुतली जात असताना मध्येच स्वतःचं धुणं काढायचं, हे सणाला शोभत नाही!

घरी आल्यावर मात्र गप्प बसवेना. रोकिया माझ्याशी बोलत नव्हती. मी संध्याकाळी कपाटाजवळ पालथा झोपलो आणि आत तोंड घालून हळूच म्हणालो, "पांगलिमा, तुला सांगतो. मीच होतो तो. तुझ्या जिवावर उठलो होतो, माफ कर बाबा." त्यानं पुढे येऊन माझ्या नाकाला नाक लावलं.

नेमका तेव्हाच गल्लीत ईदचा फटाका फुटला! पांगलिमा माझ्या तोंडावरून, खिडकीतून, कुंपणावरून थेट हासनाह वहिनींच्या स्वयंपाकघरात! तिथे पंधरा-वीस पाहुणे चहाला बसलेले. मी खिडकीत धावलो. तिकडून वहिनींचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"मास्तर! अहो मास्तर! आम्ही काही दिलं नाहीये हं याला! पण हा चहाच्या दुधाच्या डब्यापुढे आ वासून बसलाय, आणि चमच्याकडे बघतोय! ही सवय याला कोणी लावली हो?"

घड्याळात सात पंधरा झाले होते. मी खिडकी लावून घेतली आणि कपाटाखाली जागा आहे का ते बघितलं.